मोजे काढा, मग बॉयलर दाखवा

डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की दारात बुटांबरोबर मोजेही काढायचे. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी. मोज्यांची नीट घडी करून ती कोटाच्या खिशात ठेवायची, अनवाणी दोन पावलं आत यायचं, जरा थांबायचं आणि मग यजमानाला विचारायचं, "पेशंट कुठे आहे?"

पेशंट म्हणजे त्या घराचा बॉयलर.

आमच्या श्रूजबरीत, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात, जुन्या घरांना बॉयलर ऊब देतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी भिंतींच्या कडेनं पाइपांतून घरभर फिरवतो आणि निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. बॉयलरवर एक तबकडी असते, तिची सुई त्या पाण्याचा दाब दाखवते. सुई पडली की वरच्या खोल्या गार पडतात, पाइप गुडगुडायला लागतात आणि घरातली माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. अशा वेळी आमच्याकडचे मराठी लोक कंपनीच्या माणसाआधी डॉक्टरांना फोन करायचे.

करायचे. आता करत नाहीत. त्याला कारण मी आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

डॉक्टरांबद्दल आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. त्यांनी एका माणसाच्या घरी, गळती सापडून पाइपही बदलून झाल्यावर, केवळ ती गळती डोळ्यांनी बघायची म्हणून चांगली जमीन फोडायला लावली! गोष्ट फार हसवते. तो माणूस मी. गोष्टही माझीच. मी ती इतक्यांदा आणि इतकी रंगवून सांगितली की मुलांनी त्यांचं नाव जमीनफोडे काका ठेवलं. जमीन फुटली हे खरं आहे. का फुटली, ते आज सांगतो. पण आधी माणूस बघा. माणूस बघितल्याशिवाय ती जमीन कळणार नाही.

डॉक्टर हे बॉयलरचे डॉक्टर नव्हतेच. मूळचे साताऱ्याकडचे, जन्मभर इथल्या एका हॉस्पिटलात भूल देत आले. "सर्जन पोटात बघतो, मी सुईकडे बघतो," असं स्वतःच्या नोकरीचं वर्णन करायचे. "प्रेशर पडलं की सगळे ओरडतात, भरा, भरा, सलाइन भरा! भरायचं. पण भरताना विचारायचं, होतं ते गेलं कुठे? नुसतं भरत राहिलात तर तबकडी बरी होते राव, पेशंट नाही."

निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात त्यांच्या घरच्या बॉयलरची सुई पडली. बायको त्याआधीच वारली होती, मुलगी पार पलीकडच्या किनाऱ्यावर रेडमंडला. घरात हे आणि बॉयलर. त्या आजारी यंत्रापुढे हा माणूस पुन्हा ड्यूटीवर हजर झाला तो कायमचाच.

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात मोजे जायचे आणि डाव्या खिशातून टॉयलेट पेपरचा रोल निघायचा. पाइपाच्या प्रत्येक सांध्याला ते कागदाची पट्टी गुंडाळायचे. थेंबभर पाणी आलं तरी कागद भिजून सांगतो. पट्ट्या बांधून झाल्या की बॉयलर अपघातातून वाचलेल्या माणसासारखा दिसायचा आणि घरातली पोरं हसून लोळायची. शर्टाच्या खिशात टायरमधली हवा मोजायचं नळकांडं. गळ्यात स्टेथोस्कोप. तो पाइपाला लावून डोळे मिटायचे. कुणी बोललं तर बोट वर करून म्हणायचे, "हळू. सुई बुजते."

त्यांचा खरा शत्रू एकच, बॉयलरला नळाचं पाणी आपोआप भरणारा फीड व्हॉल्व्ह. दाब कमी झाला की हा गुपचूप नवं पाणी सोडतो. बाकी जग त्याला सोय म्हणतं, डॉक्टर त्याला खुशमस्कऱ्या म्हणायचे. "राजाला वाईट बातमी कळूच देत नाही. गळतंय एकीकडे, हा भरतोय दुसरीकडे, आणि तुम्ही म्हणताय सगळं झकास! नव्या पाण्यातून नवी हवा येते, ती लोखंडाला आतून खाते. एक दिवस राजाच बसतो खाली." घरात शिरल्यावर मोज्यांनंतर दुसरं काम म्हणजे या खुशमस्कऱ्याची मान पिरगळून त्याला बंद करणं.

एकदा त्यांच्याबरोबर मीही एका तरुण जोडप्याकडे गेलो होतो. दर आठवड्याला सुई पडायची. डॉक्टरांनी सगळे सांधे बांधले. सगळे कोरडे. मग जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बघितला, त्याच्याखाली कोरडी बादली ठेवली. कोरडीच राहिली. डॉक्टर दुसऱ्या बादलीवर, ती पालथी घालून, चिवड्याची वाटी घेऊन बसले. बराच वेळ सुईकडे बघत होते. मग एकदम त्या मुलीकडे वळले.

"रविवारी तुम्ही लोक काय करता?"

"विशेष काही नाही काका. मी ग्रोसरीला जाते, हा बॉयलर मेंटेन करतो."

"मेंटेन म्हणजे?"

नवरा खुशीत पुढे आला. हातात छोटी किल्ली. "काका, मी व्हिडिओ बघून शिकलो. प्रत्येक खोलीतला एअर व्हेंट उघडतो. आधी हवा फुस्स करून जाते, मग पाणी येतं. मी थोडं जास्तच पाणी काढतो, फॉर सेफ्टी."

"आणि मग सुई पडते, आवाज यायला लागतात..."

"एक्झॅक्टली! म्हणून परत काढतो. एव्हरी वीकेंड."

डॉक्टरांनी शांतपणे मोजे खिशातून काढले. "गळती सापडली," ते त्या मुलीला म्हणाले. "नवऱ्याच्या हातात आहे. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"यार काका, पाहुण्यांसमोर तरी नको होतं," तो पोरगा पुटपुटला. त्या घरी नंतर कधी सुई पडली नाही.

ही पद्धत ते सगळीकडे वापरायचे, हे त्यांचं वेड म्हणा हवं तर. आमचं आंबेडकरी कुटुंबांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदना, मग जेवण, मग गप्पा. मध्यंतरी माणसं कमी यायला लागली. बैठकीत कुणी म्हणालं बिर्याणी ठेवू, कुणी म्हणालं मुलांसाठी जादूचे प्रयोग. डॉक्टर उभे राहिले. "भरू नका! आधी विचारा, माणसं गेली कुठे." मी आजवर ही हकिकत सांगताना इथेच थांबायचो, लोक हसायचे. पुढचं सांगायचो नाही. पुढचं असं, की डॉक्टरांनी न येणाऱ्या एकेकाला फोन केले आणि शोधून काढलं की आम्ही हॉल बदलला होता, नवा हॉल वरच्या मजल्यावर होता आणि त्याला लिफ्ट नव्हती. म्हाताऱ्यांचे गुडघे आधी गळाले आणि त्यांना घेऊन येणारी कुटुंबं त्यांच्यापाठोपाठ. तेव्हापासून वंदना आळीपाळीनं घरोघरी व्हायला लागली. जमिनीवर, पथारी घालून.

आता माझ्या घराकडे येतो.

माझं घर जुनं, दोन पातळ्यांचं. खालची मोठी बैठकीची खोली थेट काँक्रीटवर बांधलेली, वर फरशा. वडील गेल्यावर आई नागपूरहून माझ्याकडे आली. सोफा तिला परका वाटायचा. ती खाली बसायची, आणि बसायची तीही एका ठरलेल्या जागी. ना भिंतीला टेकून, ना खिडकीपाशी. टीव्हीच्या कपाटापासून दोन हात अलीकडे, खोलीच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. बायको तिला आईंचं सिंहासन म्हणायची. वंदनेला बाकीच्या म्हाताऱ्या आल्या की त्याही तिथेच दाटीवाटीनं बसायच्या. मला वाटायचं काय हे प्रेम! मी स्वतः घरात लोकरी मोजे आणि त्यावर सपाता घालून हिंडायचो. अमेरिकेत आल्यापासून माझ्या तळपायांनी जमीन बघितली नव्हती.

त्या हिवाळ्यात माझी सुई पडायला लागली. कंपनीचा माणूस आला, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून गेला. सुई पडलीच. दुसरा आला, पाणी तापून फुगलं की तो फुगवटा झेलणारी, बॉयलरपाशी लटकणारी टाकी बदलून गेला. पडलीच. तिसरा म्हणाला, बॉयलर म्हातारा झालाय, नवा घ्या. तरी मी डॉक्टरांना बोलवलं नाही. मी इंजिनिअर. भूल देणाऱ्याकडून काय शिकायचं? शेवटी बायकोनंच परस्पर फोन केला.

शनिवारी सकाळी भुरभुर बर्फ पडत असताना डॉक्टर आले. मोजे काढले, माझ्या पायांकडे बघितलं.

"मोजे काढा, राव."

"डॉक्टर, थंडी किती आहे!"

"म्हणून तर."

मी काढले नाहीत.

पण ती सकाळ! आजही आठवली की अंगात तरतरी येते. आधी खुशमस्कऱ्या बंद. मग कागदाच्या पट्ट्या. मग टाकी. डॉक्टरांनी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं. वरून भरीव आवाज, खालून पोकळ. "वर पाणी, खाली हवा. तब्येत छान." तरी खात्री म्हणून टाकीच्या बुडाची सायकलच्या ट्यूबसारखी असते ती पिन दाबली. फस्स करून हवा आली, पाणी नाही. "मधला रबरी पडदा शाबूत आहे. टाकी उगाच बदलली तुमची."

वीकेंडला घरी आलेली माझी मुलगी जिन्यात उभी होती. "बाबा, व्हाय इज काका होल्डिंग द पाइप लाइक दॅट?"

"पल्स बघतोय, बाळ," डॉक्टर न वळता म्हणाले.

मग खरी गंमत सुरू झाली. घरात पाण्याचे दोन फेरे आहेत, एक वरच्या मजल्याचा, एक खालचा. डॉक्टरांनी वरचा फेरा दोन्हीकडून बंद केला. बादली पालथी, चिवडा, आणि डोळे सुईवर. सुई पडत राहिली. म्हणजे वरचा फेरा निर्दोष! आता वरचा उघडला, पाणी भरून सुई जागेवर आणली, फीड पुन्हा बंद आणि खालचा फेरा बंद. मीही दुसरी बादली घेऊन शेजारी बसलो. बायको चहा घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. चहा गार झाला. सुई जागची हलेना.

"थांबली!" मी ओरडलो.

"हळू, राव."

"डॉक्टर, थांबली! खालीच आहे!"

"खालीच आहे," ते म्हणाले, आणि त्यांचेही कान लाल झाले होते.

खालच्या खोलीतले भिंतीकडेचे पाइप आम्ही ओणवे होऊन बघितले. सगळे कोरडे. म्हणजे गळती त्या पाइपात, जो जुन्या बांधणाऱ्यानं काँक्रीटमध्ये पुरला होता. माझा उत्साह मावळला. अख्खी खोली खणायची? दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे वंदना होती, माणसं येणार होती.

"होऊ दे वंदना," खालचा फेरा पुन्हा उघडत डॉक्टर म्हणाले. "खणायचं कशाला? उद्या बघू."

रविवारी खोली भरली. वंदनेच्या वेळी डॉक्टर सगळ्यांबरोबर हात जोडून बसले, पण डोळे उघडे. वंदना संपली तसे उठून माणसांच्या मधून अनवाणी फिरायला लागले, एकेक पाऊल टेकवत, उचलत, चिखलातून वाट काढणाऱ्या बगळ्यासारखे. एका रेषेत भिंतीपासून खोलीच्या मधोमध आले आणि आईपुढे उकिडवे बसले.

"आई, जरा उठता का?"

"काहून?"

"तुमची जागा बघायची आहे."

"माही जागा तुमाले काहून पायजे? एवढ्या खुर्च्या हायेत, बसा ना त्याच्यावर."

तरी ती उठली. डॉक्टरांनी तिच्या जागी तळपाय ठेवला. दुसरा ठेवला. चेहरा असा उजळला की वाटलं आता नाचतात!

"राव! इकडे या! मोजे काढा, पाय ठेवा! भिंतीपासून इथवर जमिनीची वीतभर रुंद पट्टी गरम लागते, ती पाइपाची वाट. आणि इथे बघा, परातीएवढी! इथे गळतंय! पाणी इथे पसरतंय!"

मी घाईघाईत मोज्यांसकट पाय ठेवला. मला काहीच कळलं नाही. पण बाकीचे सगळे मोजे फेकून धावले. "हो रे!" "अगं खरंच!" "काका, धिस इज सो वॉर्म!" एकच गलका. गर्दीत फक्त म्हाताऱ्या शांत होत्या.

"आमाले त कवापासून ठाऊक हाये," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू इचारलं काय?"

सगळं घर हसलं, मीही. तीन माणसं यंत्रं घेऊन आली होती, मी इंजिनिअर, आणि उत्तरावर माझी आई रोज मांडी घालून बसत होती.

इथवरची गोष्ट मी नेहमी खरी सांगत आलो. पुढची नाही.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरांनी उपाय सांगितला. काँक्रीटमधला पाइप कायमचा बंद करायचा, नवा पाइप छतातून फिरवून भिंतीकडे उतरवायचा. जमीन फोडायची गरजच नाही. मी तर आनंदानं टाळी दिली. आई तिच्या जागेकडे बघत होती.

"मंग माही जागा थंडी पडन?"

"आई, तुला विजेवर तापणारी गादी आणू," मी हसत म्हणालो.

"मी गादीवर बसत नाही. अन् इजेवर त मुळीच बसत नाही. इथं बसलं की गुडघे उघडतेत माहे. राहू दे ना गळत थोडसंक."

सगळे पुन्हा हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते आईच्या जागेकडे बघत राहिले, सुईकडे बघायचे तसे.

प्लंबर आला, छतातून नवा पाइप गेला, सुई ठरलेल्या जागी खिळली. काम संपलं असं मला वाटलं. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईंची जागा उघडू या. खाली प्लास्टिकच्या पाइपाची एक घडी टाकतो. कोमट पाणी, वेगळा छोटा व्हॉल्व्ह. आईंना कळणारही नाही काही बदललं म्हणून."

"लीक इज डेड, डॉक," प्लंबर म्हणाला. "व्हाय ओपन द फ्लोअर?"

डॉक्टरांनी त्याला समजावलं की या फरशीवर एका बाईचे गुडघे अवलंबून आहेत. तो आधी बघत राहिला, मग त्यालाच चेव चढला. जमीन फुटली, पाइपाची घडी बसली, वर सिमेंट, वर नव्या फरशा. बॉयलरपाशी लाल दांडीचा छोटा व्हॉल्व्ह आला. सिमेंट पक्कं वाळल्यावर तो उघडला आणि आई आपल्या जागी बसली. हातानं फरशी चाचपून म्हणाली, "हां. हेच हाये."

जुन्या फरशांसारख्या फरशा बाजारात मिळाल्या नाहीत. खोलीच्या मधोमध फिकट रंगाचा एक चौकोन उठून दिसायला लागला. पुढच्या वंदनेला कुणीतरी विचारलंच, "हे काय हो? जमीन फोडावी लागली नाही म्हणाला होतात ना?"

खरं उत्तर सोपं होतं. माझ्या आईला काय हवं ते मला दिसलं नाही, डॉक्टरांना दिसलं. पण चाळीस माणसांसमोर ते तोंडातून निघेना. निघालं ते हे: "काय सांगू! गळती मिळाली, पाइप बदलला, तरी डॉक्टरांना चैन पडेना. म्हणाले, मला ती डोळ्यांनी बघायचीय! परातीएवढ्या गळतीसाठी चटईएवढी जमीन फोडली!"

हशा पिकला. आई आत स्वयंपाकघरात होती. बायको माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर हातात जेवणाची थाळी घेऊन तिथेच उभे होते. तेही हसले.

विनोद चालला की थांबवता येत नाही. दर जेवणावळीत फर्माईश व्हायची, मी दर वेळी जमीन वाढवायचो. हळूहळू कुणाची सुई पडली की लोक म्हणायला लागले, "नको बाबा, जमीन फोडतील." एका डिसेंबरात डॉक्टरांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "राव, या हिवाळ्यात कुणाची सुई पडली नाही का?"

मी म्हटलं, "सगळ्यांनी नवे बॉयलर घेतले असतील."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे."

आई गेली. त्या वसंतात मी लाल दांडी फिरवून व्हॉल्व्ह बंद केला. पुढच्या थंडीत उघडला नाही, त्यापुढच्याही नाही.

गेल्या महिन्यात कळलं की डॉक्टरांची मुलगी त्यांना कायमचं रेडमंडला नेते आहे. निरोपाचं जेवण मी माझ्या घरी ठेवलं. डॉक्टर आले, दारात मोजे काढले, वाकायला आता त्रास होत होता तरी. सरळ खोलीच्या मधोमध जाऊन फिकट चौकोनावर उभे राहिले. जरा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

जेवणानंतर फर्माईश झालीच. "काका, जमीनफोडे स्टोरी! लास्ट टाइम!"

मी उभा राहिलो. बगळ्यापर्यंत सगळं नेहमीसारखं सांगितलं, लोक हसले. मग पुढचं सांगितलं, आईनं काय विचारलं, मी गादीचं काय म्हणालो, डॉक्टर काय म्हणाले. नेहमीच्या जागा आल्या, कुणी हसलं नाही. सांगता सांगता माझाच वेग वाढत गेला, जसा त्या शनिवारी सुई थांबल्यावर वाढला होता.

"मग इतकी वर्षं आम्हाला हसवलंत कशाला?" एक बाई म्हणाल्या. म्हाताऱ्यांच्या त्या दाटीत त्यांची आईही बसायची.

"हसवणं सोपं होतं. माझ्या आईचं मला दिसलं नव्हतं, हे सांगणं अवघड होतं."

खिडकीपाशी डॉक्टरांनी बोट वर केलं.

"एक दुरुस्ती. कोमट पाण्याची युक्ती प्लंबरची होती, माझी नाही. मी थेट गरम सोडणार होतो, आईंना चटकाच बसला असता." मग माझ्याकडे वळून, "व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मी."

"का?"

"आई गेली, डॉक्टर."

"पाय बाकीच्यांनाही असतात, राव."

आम्ही बॉयलरपाशी गेलो, आमच्यामागे निम्मी पंगत. डॉक्टरांनी सवयीनं एक बादली पालथी घातली आणि बसले. मला दांडी दाखवली. मी फिरवली. सुई थरथरली, जरा खाली आली, थांबली.

"कुठे गळत नाही," डॉक्टर म्हणाले. गर्दीतून त्या बाईच म्हणाल्या, "डॉक्टर, जायच्या आधी आमच्याकडे याल? केव्हाचं गुडगुडतंय, मी तुम्हाला बोलवलंच नाही."

"फीड बंद केलंय का?" डॉक्टर ताडकन उठले. "नाही? अहो, मग उद्याच येतो!"

खोलीत परत येऊन आम्ही सगळे त्या चौकोनाभोवती उभे राहिलो. काँक्रीट तापायला वेळ लागतो. चहा झाला, दुसरा झाला, लहान मुलं पाय ठेवून बघत होती, "नॉट येट!" म्हणत होती. डॉक्टर हळूच खाली आईच्या जागी बसले आणि तळवा फरशीवर टेकवला.

"आलं," ते म्हणाले.

मी मोजे काढले.

पाय ठेवला तर खरंच ऊब होती. जरा पुढे ठेवला, तिथेही. आणखी एक पाऊल टाकलं, तिथेही. परातीपेक्षा किती तरी मोठी. ज्या चटईएवढ्या जमिनीवर मी इतकी वर्षं लोकांना हसवलं, ती सगळी गरम होत होती.

"डॉक्टर, आईला एवढी जागा कशाला लागत होती?"

त्यांनी वर बघितलं. मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारल्यासारखं.

"एकटं कोण बसतं, राव? मला वाटलं, शेजारी तुम्ही बसाल."